बिन, कोम आणि अ. पा. क.

मंडळी, श्राद्धाला भटजी बापाचं, आजाचं आणि पणजाचं नाव विचारतात. त्याच्यापुढं विचारत नाहीत, म्हणून आपली अब्रू राहते. आज त्याच्यापुढचं कुठं शोधायचं एवढंच बोलू. पराक्रमी पूर्वज हवा असेल तर वंशावळ लिहून देणारे पुष्कळ आहेत. जमिनीच्या कागदात भेटतो तो शेतसारा भरणारा, थकवणारा, बांधावरून भांडणारा माणूस. मला तो जास्त आवडतो.

सुरुवात आजपासून करा. आपण बेळगावकडचे, तेव्हा घरातला जमिनीचा कन्नड उतारा घ्या. त्यावर सर्वे नंबर, हिस्सा आणि फेरफाराचा नंबर असतो. त्या फेरफाराची नक्कल मागा. जमीन कुणाकडून आली, वारसानं की वाटणीनं की खरेदीनं, ते तिथं असतं. त्यावरून मागचा फेरफार हाती लागतो. असं उतरत गेलं की १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर सुरू झालेल्या रजिस्टरांपर्यंत पोचता. त्याच्याही आधीचे मुंबई सरकारच्या मोजणीचे कागद, आकारबंद (सर्वे नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याची यादी) वगैरे. घरात इनाम-वतन असेल तर नशीबवान आहात. १८५२ नंतर इनाम कमिशननं हक्क शाबीत करायला लावले, तेव्हा लोकांनी आपली वंशावळ आपणच लिहून दिली.

पण शोधताना माणसाच्या मागं लागू नका, शेताच्या मागं लागा. जुन्या कागदात आडनाव बहुधा नसतंच. नुसतं ‘रामा बिन कल्लाप्पा’. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. आपल्याकडं मराठा घरातही कल्लाप्पा, यल्लाप्पा, भरमा असतात, हे पुण्यात वाढलेल्या नातवाला पटत नाही. तो म्हणतो, हे आपले नव्हेत. त्यात नाव मोडीतून बाळबोधीत आलं, तिथून कन्नडात गेलं; वाटेत काना-मात्रा सांडल्या. सर्वे नंबर मात्र सहसा तोच राहतो, फार तर पोटहिस्से पडतात. म्हणून कचेरीत जाण्याआधी घरातल्या थोरांकडून शेतांची नावं लिहून घ्या. वडाचा माळ, वड्याकडचं, अमकीचा तुकडा, सगळी.

आणखी एक. शहापूर आज बेळगावातच मोडतं, पण संस्थानं विलीन होईपर्यंत ते सांगलीचं. तिथले जुने कागद संस्थानी. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, ते तिकडं मुंबई राज्यात राहिलं आणि आपण इकडं म्हैसूर राज्यात आलो. दोन्हीकडं जमीन असलेल्या घरांना निम्मे पूर्वज कोल्हापूरला जाऊन शोधावे लागतात. सीमाप्रश्नावर आपण इतकं बोलतो, पण हा हेलपाटा कुणी बोलून दाखवत नाही.

आता माझं सांगतो. आमच्या गावाचं १९१९ चं रजिस्टर उघडलं तर पानापानावर ‘मयत’. आदल्या वर्षीची इन्फ्लुएन्झाची साथ. एका नोंदीत माझे पणजोबा मयत, वारस दोन मुलगे, आणि त्यांच्या नावापुढं ‘अ. पा. क. आई’. अज्ञान पालन कर्ता. तिथला अज्ञान म्हणजे वयात न आलेला, हे मला कारकुनानं समजावलं. माझ्या आजोबांना चुलत्यानं वाढवलं असं घरात पक्कं ठरलेलं होतं, आणि त्या चुलत्याचा फोटोसुद्धा सोप्यात लावलेला आहे. पणजीचं नाव कुणालाच येत नव्हतं. ते तिथं होतं, कोम लावून, शेजारी डाव्या अंगठ्याची निशाणी.

सर्वे नंबर ताडून पाहिला. एकर-दीड एकराचं ते भाताचं शेत अजून आमच्याकडं आहे. घरात त्याला ‘म्हातारीचा तुकडा’ म्हणतात. आम्ही समजत होतो, कुणा म्हातारीकडून विकत घेतलेला.