ऊसाची ट्रॉली, नायलॉन मांजा आणि आपला मोबाईल

मागे उभे आहेत ते पुढे या, पहिल्या रांगेत वाघ नाही बसलेला. आपल्याला विषय दिलाय ट्रॉमाचे, म्हणजे अपघाताच्या जखमा बघणारे डॉक्टर आणि सोशल मीडिया, त्यामुळे निम्म्या जणांना वाटत असेल की हा आता फॉलोअर्स कसे वाढवायचे ते सांगणार. ते मला येत नाही हो, घरच्या ग्रुपवर माझ्या गुड मॉर्निंगला पण कुणी अंगठा देत नाही.

मी दुसरंच बोलणार आहे. कुठल्या महिन्यात काय येणार हे आपल्या कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला पंचांग न बघता माहीत असतं. संक्रांतीच्या आसपास मांजाने गळा कापलेला बाईकवाला, दहीहंडीला मानेचा मणका, दिवाळीत डोळ्याला फटाका लागलेली पोरं, पहिल्या पावसात घसरलेल्या टू-व्हीलर. आणि कारखान्यांचा सीझन सुरू झाला की रात्री ऊसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेले, कारण ट्रॉलीला ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस मागे बाहेर आलेला आणि समोरच्या गाडीचा अप्पर लाइट डोळ्यावर, दिसणार काय डोंबल. यातलं काहीच अचानक येत नाही. मग पोस्ट अपघात झाल्यावर कशाला टाकायची, आधी टाका ना!

नायलॉन मांजावर एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी नागपूर, नाशिक, येवल्याकडे दर जानेवारीला केसेस येतातच. बंदीची बातमी लोक वाचतात आणि विसरतात. पण तुमच्याच तालुक्याचा सर्जन डिसेंबरअखेरीला सांगतो की बाबांनो हेल्मेटखाली गळ्याला मफलर गुंडाळा, पोराला गाडीवर पुढे उभं करू नका, तर ते लोक ऐकतात, आणि फॉरवर्ड तर करतातच. ट्रॉलीचं पण तसंच. त्यासाठी इन्स्टाग्राम नको, गावातल्या चिटबॉयच्या, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज जाऊ दे, ट्रॅक्टरवाला तिथेच आहे.

दुसरं म्हणजे अपघातानंतरची पहिली दहा मिनिटं, तिथे आपण नसतो, बघे असतात. ते बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततात, हातपाय धरून उचलून रिक्षात कोंबतात. कडबाकुट्टीत तुटलेलं बोट थेट बर्फात टाकून आणतात आणि मग आपण जोडायचं काय? बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, मग ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. एवढंच, चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होतो. बोटाऐवजी भेंडी घेऊन दाखवा, रक्त कशाला, रक्त दिसलं की ॲपच व्हिडिओ झाकून टाकतं आणि ज्यांनी बघायला हवा त्या आज्जी तर बघणारच नाहीत. आणि शेवटी एक वाक्य जरूर टाका की मदत केली म्हणून पोलीस मागे लागत नाहीत, २०१६ ला सुप्रीम कोर्टाने ते संरक्षण दिलं, २०१९ ला मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं, नाव सांगायची पण सक्ती नाही. हे अजून कितीतरी लोकांना माहीत नाही आणि म्हणून गाड्या थांबत नाहीत.

कुणी म्हणेल डॉक्टरने आपलं ऑपरेशन बघावं, रस्त्यावर कशाला बोलावं. अमेरिकेत हेच झालं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या बंदूकवाल्यांच्या संघटनेने, एनआरएने, ट्विट केलं की बंदुकांवर बोलणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या लेनमध्ये राहावं, म्हणजे आपल्या कामापुरतं बघावं. झालं, ट्रॉमा सर्जन, सिस्टर, शवविच्छेदन करणारे सगळे तुटून पडले, हे आमचंच काम आहे म्हणून 'धिस इज अवर लेन' असा हॅशटॅग चालला. त्यात पुढे होते जॉन्स हॉपकिन्सचे सर्जन जोसेफ साक्रान, शाळेत असताना त्यांना स्वतःलाच गळ्यात गोळी लागली होती, आता त्यांना कोण सांगणार तुमचा काय संबंध. मला त्यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, जखम कशाने होते हे रोज बघणारा माणूस बोलला की वाद घालणं अवघड जातं. आपल्याकडे बंदूक नाही, ट्रॉली आहे.

आता कटू बोलतो. ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या रील. उघडी मांडी, बाहेर आलेलं हाड, मागे गाणं. म्हणे चेहरा ब्लर केलाय! अहो तालुक्यात काल एकच अपघात झाला, गोंदण बघून सगळं गाव ओळखतं. बेशुद्ध पेशंट परवानगी देत नाही, आणि रडत बसलेल्या बायकोने कागदावर सही केली तिला मी परवानगी म्हणत नाही. घ्यायचीच तर पेशंट चालत फॉलोअपला येईल तेव्हा घ्या, नाही म्हणाला तर विषय संपला. आणि गेलेल्या माणसाची बातमी घरच्यांच्या आधी कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने पण स्टेटस ठेवायचं नाही.

व्हॉट्सॲपवर न्यूरोसर्जनला डोक्याचा सीटी स्कॅन पाठवायला माझी हरकत नाही, त्याने जीव वाचतात, खोटं कशाला बोलू. फक्त एकच फोटो पाठवू नका, एका स्लाइसमध्ये रक्त दिसतं न दिसतं. पूर्ण सीटी स्क्रोल करत व्हिडिओ घ्या, नाव झाका, आणि सोबत जीसीएस म्हणजे शुद्धीचा स्कोअर, दोन्ही प्युपिल म्हणजे डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत, आणि किती वाजता लागलं ते लिहा. रक्त हवंय असा मेसेज टाकलात तर तारीख, वेळ, ब्लड बँकेचं नाव घाला, मिळालं की मिळालं म्हणून पण टाका, बिनतारखेचे मेसेज वर्षानुवर्षं फिरतात आणि लोक फोन करून करून कंटाळतात.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय, नातेवाईक कॅज्युअल्टीत आपलंच शूटिंग करतात तेव्हा काय करायचं. फोन हिसकावू नका. बाजूच्या खाटेवरचे पेशंट दिसतायत एवढं शांतपणे सांगा, सिस्टरला पडदा ओढायला सांगा, आणि एका सीनियरने बाजूला होऊन त्या नातेवाइकाला काय चाललंय, पुढे काय करणार ते साध्या मराठीत सांगत राहावं. बऱ्याचदा तो शूटिंग करतो कारण अर्धा तास त्याच्याशी कुणी बोललेलंच नसतं.