मृणालिनी मुखर्जी : दोरीतून घडलेलं शिल्प

मृणालिनी मुखर्जींवर बोलायचं म्हणजे सुरुवात दोरीपासूनच करायला हवी. वाखाची जाडीभरडी दोरी, बाजारात मिळते तशी. ती उकलायची, रंगवायची आणि गाठी मारत जायचं. माग नाही, की आधी कागदावर काढून घेतलेलं चित्र नाही. मोठ्या कामांना आतून लोखंडाचा आधार असे, काही कामं वरून टांगलेली असत. पण आकार ठरायचा तो बोटांनीच. गाठ घट्ट आवळली की वीण ताठ होते, तेवढा भाग उभा राहतो. सैल सोडली की तोच धागा झोळ घेऊन खाली येतो. कुठे आवळायचं आणि कुठे सोडायचं, एवढ्यावर माणसापेक्षा उंच शिल्प उभं करायचं! हाताशी एखादा मदतनीस आणि एकेका कामामागे महिनेच्या महिने.

त्यांचा जन्म मुंबईतला, १९४९चा. वडील बिनोदबिहारी मुखर्जी, शांतिनिकेतनचे थोर चित्रकार. आई लीला मुखर्जी स्वतः शिल्पकार, लाकडात काम करणाऱ्या. बालपण डेहराडूनला गेलं, सुट्ट्या शांतिनिकेतनात. मृणालिनी लहान असतानाच बिनोदबिहारींची दृष्टी पूर्ण गेली, तरीही त्यांनी काम सोडलं नाही. पुढे त्यांनी हाताने चाचपत शांतिनिकेतनच्या कलाशाळेच्या, म्हणजे कलाभवनाच्या भिंतीवर मोठं म्यूरल, म्हणजे भित्तिचित्र केलं. हात पाहू शकतो, ही गोष्ट या मुलीने घरातच अनुभवली होती. त्यांच्या शिल्पांपुढे उभं राहिलं की मला हे हटकून आठवतं.

बडोद्याला त्या शिकल्या चित्रकला आणि नंतर म्यूरल. तिथे गुरू भेटले के. जी. सुब्रमण्यन, म्हणजे बिनोदबिहारींचेच विद्यार्थी. लोककारागिरांचं काम आणि आधुनिक कला यांच्यात भिंत उभी करायची नाही, ही सुब्रमण्यनांची शिकवण. मृणालिनीबाईंनी ती नुसती ऐकली नाही, पुढची दोन-अडीच दशकं जगून दाखवली. दिल्लीत १९७२ साली त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं.

आता हे लक्षात घ्या, की त्या काळात गाठींचं काम म्हणजे मॅक्रमे, कुंड्या टांगायच्या शिंकाळ्यांचा छंद. त्यामुळे कित्येकांनी या शिल्पांना ‘हस्तकला’ म्हणून बाजूला सारलं. मला हा मोठा अन्याय वाटतो. ‘रुद्र’, ‘यक्षी’, ‘वनश्री’ ही नावं पाहा. नावं देवतांची आणि यक्षिणींची, पण कुठल्याही मूर्तिशास्त्राप्रमाणे ही शिल्पं घडवलेली नाहीत. पूजेसाठी मूर्ती करणं हा त्यांचा हेतूच नव्हता. गाभाऱ्यात शिरून वर पाहिलं की मन जसं दबून जातं, तो अनुभव त्यांना हवा होता. एकीकडून पाहावं तर पदर ओढून बसलेली बाई, दोन पावलं सरकावं तर उमलत्या फुलाचे जाड ओठ, आत खोल गेलेली पोकळी. देह कुठे संपतो आणि झाड कुठे सुरू होतं, सांगता येत नाही. शृंगार आहे, थोडी भीतीही आहे. हे सगळं फोटोत सपाट होऊन जातं. या कामांभोवती फिरायलाच हवं, मागची बाजूसुद्धा पाहायला हवी.

१९९४ साली ऑक्सफर्डच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं. १९९६मध्ये नेदरलँड्सच्या एका सिरॅमिक केंद्रात काम करायला मिळालं आणि त्या मातीकडे वळल्या. पुढच्या दशकात ब्राँझ.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जानेवारी २०१५च्या अखेरीस त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन उघडलं, तेव्हा त्या रुग्णालयात होत्या. २ फेब्रुवारीला त्या गेल्या. वय अवघं पासष्ट. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, ते २०१९मध्ये.

त्यांच्या ब्राँझकडे मात्र अजूनही कमी लक्ष जातं. सहसा शिल्पकार मातीत आकार घडवतो, त्याचा साचा काढतो, मग ओतकाम. मृणालिनीबाई थेट मेणातच हात घालत. त्याभोवती साचा बांधून तापवला की मेण वितळून जातं आणि त्या जागी धातू येतो, म्हणून बोटांचा दाब, चिमटा, ओरखडा सगळं तसंच उतरतं. ‘पामस्केप’ मालिकेतली ताडाची पानं, त्यांचे फाटलेले देठ जवळून पाहा. दोरी गेली, तरी आवळणं-सोडणं तिथेही चालूच आहे.