खिडक्या उतरवल्या होत्या म्हणून

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात धाकटीला घेऊन बर्मिंगहॅमच्या सेंट फिलिप्स कॅथीड्रलमध्ये गेले होते. आपल्यातली कितीतरी माणसं वीस-वीस वर्षं त्या आवारातून बस पकडायला धावताहेत, पण आत किती जण गेलेत? जा हो एकदा. सकाळी जा, वेदीमागच्या तीन खिडक्यांवर ऊन असतं तेव्हा.

चित्रकार बर्न-जोन्स याच गावचा. १८८५ ते १८९७ या काळात त्याची चित्रं घेऊन विल्यम मॉरिसच्या कारखान्याने रंगीत काचांच्या चार खिडक्या घडवल्या, या तीन आणि पश्चिमेच्या टोकाची एक. तेव्हा हे पॅरिश चर्च, म्हणजे वस्तीपुरतं चर्च होतं, कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं १९०५मध्ये. काचेचा रंग वरून फासलेला नाही, काचेच्या रसातच मिसळलेला. चेहरे, बोटं, कपड्यांच्या चुण्या तेवढ्या वरून रंगवून भट्टीत पक्क्या केलेल्या आणि सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले. तो तांबडा उजेड बघितला आणि मला आमच्या चाळीतला कामट्यांचा कंदील आठवला. जिलेटीन कागद, खळीने चिकट झालेले हात.

दुसऱ्या महायुद्धात या खिडक्या उतरवून सुरक्षित जागी नेल्या होत्या. नोव्हेंबर १९४०मध्ये बॉम्ब पडले, चर्च आतून जळून गेलं. १९४८मध्ये खिडक्या परत जागेवर बसल्या.

हे ऐकून लेक म्हणाली, "आई, आपण काय काढून ठेवायचं?"

मी म्हटलं, "पासपोर्ट, दागिने."

"ते नाही गं. जे पुन्हा मिळत नाही ते."

तेव्हापासून ती रोज विचारते आणि मला उत्तर सुचत नाही. मंडळाच्या पहिल्या नाटकांच्या कॅसेट एका गॅरेजमध्ये ओल लागून गेल्या. हस्तलिखित अंकांचं खोकं घर बदलताना टाकून दिलं गेलं, तेही माझ्याच घरातून. अजून जीव हळहळतो. दर गणपतीला हॉल, जेवण, पार्किंग यावर आपण तासन्‌तास बोलतो. कोणाच्या माळ्यावर काय पडलंय, हे एकदा तरी विचारलंय का एकमेकांना? आज घरी गेल्यावर बघा.

परवा लेकीने बुटांचं रिकामं खोकं मागून घेतलं. आत काय ठेवलं म्हणून बघितलं, तर माझ्या आईने लिहून दिलेली अनारशांची कृती. तिने ती नीट घडी करून, टिश्यूत गुंडाळून ठेवली होती.

तिला ती वाचता येत नाही.