कंपनी दिवाळ्यात जाते तेव्हा पगाराचा हिशेब

मित्रांनो, आज मी मुख्यतः तारखांबद्दल बोलणार आहे. कंपनी बुडाली की कामगारांच्या मनात पहिला प्रश्न असतो, रांगेत आपला नंबर कितवा? प्रश्न योग्यच आहे. पण मी पाहिलेल्या प्रकरणांत माणसांचे पैसे नंबरापेक्षा तारखांमुळे जास्त बुडाले.

जेट एअरवेजचेच घ्या. मुंबईची कंपनी, तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचे कुणी ना कुणी तिथे नोकरीला असेल. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री तिचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला निघाले. तेव्हाच लोकांचे पगार थकले होते. २० जून २०१९ ला एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. कंपनी पुन्हा उभी करण्याची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली, ती शेवटपर्यंत अमलात आली नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकण्याचा, आदेश दिला.

आता २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ पाहू. विक्रीतून आलेल्या पैशातून आधी प्रक्रियेचा खर्च निघतो. त्यानंतर कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि आपले तारण सोडून दिलेल्या बँका, दोघे एकाच पायरीवर. पैसा कमी पडला तर दोघांनाही सारख्याच प्रमाणात कमी. त्याखाली कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचे, म्हणजे मॅनेजर वगैरे स्टाफचे, १२ महिन्यांचे पगार. मग विनातारण कर्ज देणारे, त्यानंतर सरकारी देणी, आणि भागधारक अगदी शेवटी. कामगारांची देणी म्हणजे नुसता पगार नव्हे. साठलेल्या रजेचे पैसे आणि नोकरी गेल्याची भरपाईसुद्धा त्यात धरतात. भरपाईचे सूत्र जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होते तेच नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार.

हे २४ महिने कुठून मोजायचे? २०१६ साली लिहिलेले कलम म्हणते, लिक्विडेशन सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे. मग जेटच्या तारखा मांडून बघा. ७ नोव्हेंबर २०२४ पासून दोन वर्षे मागे गेलो की नोव्हेंबर २०२२ येतो. थकलेला पगार तर २०१९ च्या सुरुवातीचा! कलमाचे शब्द जसेच्या तसे लावले तर घाम गाळून मिळवलेला तो पगार पहिल्या पायऱ्यांवरून घसरून खाली ‘उरलेली देणी’ या गटात जातो, आणि तिथपर्यंत सहसा पैसा पोचत नाही. प्रक्रिया रेंगाळली ती कोर्टकचेरीत, बँकांच्या बैठकांत. कामगाराचा त्यात काडीचा दोष नाही, तरी त्याची दोन वर्षे बंद फाटकाच्या काळात मोजली जातात. ही मोजणी प्रक्रिया सुरू झाली त्या दिवसापासूनच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. कंपनी विकत घेणाऱ्याची योजना आली तर कामगारांचा किमान वाटा त्याच दिवशीच्या हिशेबाने काढतात. मग लिक्विडेशनलाच वेगळा न्याय का?

पीएफ आणि ग्रॅच्युइटीची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती नीट समजून घ्या, कारण वय झालेल्या कामगाराची सगळी पुंजी त्यातच असते. कलम ३६ प्रमाणे पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातले तुमचे पैसे कंपनीच्या मालमत्तेत धरलेच जात नाहीत. ते रांगेच्या बाहेर आहेत, बँकेचा त्यावर हक्क नाही. जेटच्याच प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने २१ ऑक्टोबर २०२२ ला सांगितले की प्रक्रिया सुरू होईपर्यंतचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी लागेल. ३० जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. कंपनीने ग्रॅच्युइटीचा फंडच उभारला नसेल तर काय, यावर न्यायाधिकरणांचे निर्णय मात्र एका दिशेने गेलेले नाहीत. म्हणून कंपनी चालू असतानाच युनियनने विचारले पाहिजे: आमच्या ग्रॅच्युइटीचे पैसे कुठे ठेवलेत, विमा काढलाय का, त्याचा कागद दाखवा. पीएफचे पासबुक दर महिन्याला उघडून बघा. पगारातून कापले आणि भरले नाहीत, हे सहाव्या महिन्यात कळणे आणि सहाव्या वर्षी कळणे यात फार फरक आहे.

दुसरा निकाल एबीजी शिपयार्डचा, १९ एप्रिल २०२२. प्रक्रिया चालू असतानाच्या काळातल्या पगाराचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, त्या काळात कंपनी खरोखर चालू असेल आणि माणसाने प्रत्यक्ष काम केले असेल, तर तो पगार प्रक्रियेच्या खर्चात, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर. नुसते पटावर नाव असून भागत नाही. तेव्हा रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे प्रक्रियेच्या काळात कंपनीचा कारभार बघणारा नेमलेला माणूस, आल्यावर ‘या कामावर’ असे कुणी तोंडी सांगितले, तर हजेरीची नोंद आपल्याकडे ठेवा. गेटपास, शिफ्टचा तक्ता, सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेज, जे असेल ते.

आता दाव्याचे. प्रक्रिया सुरू झाली की वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते, एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेच्या पेपरात. आपल्याकडे मराठी पेपरात आतल्या पानावर, टेंडर आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या जाहिरातींमध्ये, बारीक अक्षरात. तिच्यात दाव्याची शेवटची तारीख असते, साधारण १४ दिवसांची. ती हुकली तर पुढे थोडी मुदत मिळते, पण उशीर का झाला ते सांगत बसावे लागते. कामगार-कर्मचाऱ्यांसाठी फॉर्म डी, आणि सगळ्यांच्या वतीने एकत्र भरायचा तर फॉर्म ई. सोबत नेमणूकपत्र, सॅलरी स्लिप, पगार जमा होत होता त्या बँकेचे स्टेटमेंट. एका कामगाराने माझ्यासमोर मोबाईलवर कंपनीचे पोर्टल उघडले, तर ‘लॉगिन चालू नाही’. अकरा वर्षांच्या स्लिपा त्यातच होत्या. शेवटी बँकेच्या शाखेतून जुनी स्टेटमेंट्स काढून दावा उभा केला. पगार दोनदा उशिरा झाला की त्याच आठवड्यात स्लिपा उतरवून घ्या.

दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करा, असा अर्ज युनियनलाही स्वतः करता येतो, हे २०१९ मध्ये जे. के. ज्यूट मिलच्या निकालाने ठरले. पण २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा एक लाखाची एक कोटी झाली. एकट्याचा पगार तिथवर कसा पोचणार? म्हणून एकत्र येण्याशिवाय गत्यंतर नाही. आणि कंपनीचे पुढे काय करायचे ते ठरवणाऱ्या बँकांच्या समितीत आपल्याला मत नसते. देणी एकूण कर्जाच्या दहा टक्के असली तर बैठकीला बसता येते, एवढेच.

ब्रिटनमध्ये मालक दिवाळखोर झाला की सरकारचा नॅशनल इन्शुरन्स फंड कामगाराला ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देतो आणि वसुलीसाठी मग सरकार रांगेत उभे राहते. घरभाडे, शाळेची फी लिक्विडेशनची वाट बघत नाही. आपल्याकडे असा निधी नाही. तो मागितला पाहिजे, प्रत्येक युनियनच्या मागणीपत्रात तो असला पाहिजे.

कॉन्ट्रॅक्टवरच्या मंडळींसाठी एकच सांगतो. ठेकेदार पगार बुडवून पळाला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. त्यामुळे ठेकेदार बुडाला असेल तर मूळ कंपनीकडे लेखी मागणी करा, आणि मूळ कंपनीच दिवाळ्यात गेली असेल तर तिच्याकडेही दावा टाका. दावा ईमेलने पाठवलात तरी स्पीड पोस्टाने एक प्रत जाऊ द्या, आणि ती पावती फाइलला लावून ठेवा.