व्हर्मीरची प्रत करा, चेहरा रंगवायला शिका

नमस्कार. तैलरंगात चेहरा रंगवायचाय, पण तासन्‌तास समोर बसायला कुणी तयार नाही? मग एखाद्या जुन्या उस्तादाचं चित्र घ्या आणि त्याची प्रत करा. नक्कल म्हटलं की काहीजण नाक मुरडतात. पण पॅरिसचं लूव्र संग्रहालय १७९३ साली उघडलं, तेव्हापासून चित्रकार तिथे इझल लावून प्रती करत आलेत. माने आणि देगा हे नामवंत फ्रेंच चित्रकारसुद्धा तिथेच जुनी चित्रं बघून हात बसवत होते.

[स्क्रीनवर मूळ चित्र]

आपण घेतोय सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’, म्हणजे मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी. साधारण १६६५ सालचं, सध्या नेदरलँड्समधल्या हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात असलेलं. माप ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर. एकच डोकं, डावीकडून उजेड, मागे काळोख. हात नाहीत, खोली नाही, त्यामुळे सगळं लक्ष चेहऱ्यावर राहतं. संग्रहालयाने स्वतः दिलेला मोठा फोटोच वापरा. इकडचे तिकडचे फोटो घेतलेत तर प्रत्येकात कातडीचा रंग वेगळा निघेल. आणि प्रत शक्यतो मूळ मापातच करा.

रेखाटन ट्रेस करा. हो, खुशाल ट्रेस करा. रेखाटनाचा सराव वेगळा करायचाच आहे, पण आज आपण रंग शिकतोय. डोळा दोन मिलिमीटर सरकला म्हणून चार दिवसांनी सगळं पुसायची वेळ यायला नको.

पहिला थर फक्त बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून. २०१८ साली या चित्राची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा दिसलं की व्हर्मीरनेही सुरुवात तपकिरी-काळ्या छटांनीच केली होती. सावली कुठे, उजेड कुठे, एवढंच आधी ठरवून घ्यायचं. गालाचा गुलाबीपणा, ओठांचा लाल, सगळं नंतर. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. म्हणून खालच्या थरात तेल कमी आणि वर जाल तसं जास्त. उलटं केलंत तर पुढे तडे जातात. मूळ चित्रावर वयामुळे पडलेले बारीक तडे दिसतील, ते मात्र रंगवत बसू नका.

आता रंग. पांढरा, यलो ओकर, कॅडमियम रेड, अलिझरीन, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, काळा. पुरेत. व्हर्मीरचा पांढरा शिशाचा होता, तो विषारी असतो. आपण टायटॅनियम घेऊ. ट्यूबमध्ये तयार मिळणारा ‘त्वचेचा रंग’ नको. एका राखाडी कार्डाला छोटं भोक पाडा आणि ते फोटोवर फिरवा. डोळ्याच्या बुबुळाशेजारचा ‘पांढरा’ भाग त्या भोकातून बघा. तो पांढरा नाही, चक्क करडा आहे! आजूबाजूचं दिसेनासं झालं की डोळा फसायचा थांबतो. रंग मिसळला की सुरीच्या टोकावर घेऊन फोटोशेजारी धरा, जुळला तरच कॅनव्हासवर लावा.

[नाकाचा क्लोजअप]

आता या चित्रातली सर्वांत शिकण्यासारखी जागा. नाकाच्या दांड्याची पलीकडची कड शोधा. सापडत नाही ना? नाक आणि पलीकडचा गाल दोघांवर सारखाच उजेड आहे, म्हणून व्हर्मीरने तिथे रेषा ओढलीच नाही. नाक कुठे संपतं ते आपला डोळा ठरवतो. नवशिक्याचा हात इथे हमखास तपकिरी रेघ ओढतो आणि नाक चिकटवल्यासारखं दिसायला लागतं. प्रत करताना हात तिथे रोखावा लागतो, आणि नुसतं बघून हे कधीच अंगी येत नाही.

मोत्याचंही तेच. गोल काढून आत पांढरा भरायचा नाही. बाह्यरेषा नाही, कानात अडकवायची कडीसुद्धा रंगवलेली नाही. वर डावीकडे पांढऱ्या रंगाचा एक जाड ठिपका आणि खाली कॉलरचं मऊ, अंधूक प्रतिबिंब. मधला भाग म्हणजे मानेची सावलीच. खालचा थर पूर्ण वाळल्याशिवाय मोत्याला हात लावू नका, नाहीतर ठिपका राखाडी होऊन सगळी चमक जाते.

पार्श्वभूमी आज काळी दिसते, पण मुळात तो हिरवा पडदा होता. गडद थरावर दिलेला हिरवा ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, काळाच्या ओघात बदलत गेला. तुम्ही आजची काळी करा किंवा जुनी हिरवी. मी हिरवीच्या बाजूने आहे, कारण ग्लेझ हाताखालून जाऊ द्यायची ती चांगली संधी आहे.

सही करताना व्हर्मीरची करायची नाही. मागच्या बाजूला ‘व्हर्मीरवरून’ असं लिहा, खाली आपलं नाव आणि साल.

आणि लगेच दुसरी प्रत सुरू करू नका. घरातल्याच कुणाला तरी खिडकीशी बसवा, उजेड डावीकडून, मागे गडद कापड, पॅलेटवर तेच सात रंग. कार्डाचं भोक चेहऱ्यावर धरा आणि आधी शोधा की या चेहऱ्यात कुठली कड रंगवायचीच नाहीये.