घ्यायला कोण येणार?

मंडळी, नमस्कार.

बोलायचं होतं मंडळाच्या वार्षिक हिशेबावर. पण गेल्या महिन्यात अमेरिकेहून मुंबईला उतरलो आणि माझ्या अकरा वर्षांच्या लेकीनं एक प्रश्न विचारला, तो अजून घशात अडकलाय. सामान घेऊन सहार विमानतळाच्या टी-टूच्या, म्हणजे दुसऱ्या टर्मिनलच्या, बाहेर आलो. मी मोबाइलवर टॅक्सी शोधत होतो. ती कठड्यापलीकडच्या गर्दीकडे बघत म्हणाली, "बाबा, आपल्याला घ्यायला कोणीच येत नाही. मग आपण इथले कसे?"

मी १९९९ साली पहिल्यांदा परतलो, तेव्हा सहारला रात्री अडीच वाजता नऊ माणसं उभी होती. सुमो भरून आली होती. इतकी भरून की मला बसायला जागाच नव्हती. शेवटी मामा डिक्कीत बॅगांवर बसून पुण्यापर्यंत आले आणि वर मलाच विचारलं, "त्रास नाही ना झाला?" सुतळीनं बांधलेल्या बॅगा, त्यावर मार्करनं लिहिलेलं नाव, हे तुम्हाला काय सांगायचं! इथल्या काही ज्येष्ठांच्या आठवणी तर जुन्या सांताक्रूझ टर्मिनलच्या आहेत. सहार फार पुढचं, ८०च्या दशकातलं.

लेकीचा विषय बदलावा म्हणून मी तिला खांब दाखवले. २०१४ मध्ये हे टर्मिनल सुरू झालं, खांबांना मोराच्या पिसाऱ्याची कल्पना आहे, वगैरे. मग जेआरडी टाटांच्या पहिल्या टपाल-विमानाची गोष्ट काढली: १५ ऑक्टोबर १९३२, कराचीहून निघून जुहूला उतरले, विमानात प्रवासी नाही, नुसतं टपाल. ती म्हणाली, "ते टपाल घ्यायला तरी कोणीतरी आलं असेल ना?"

गप्प बसलो.

या विमानतळावर माझा जीव आहे, हे कबूल करतो. दोन धावपट्ट्या, त्याही एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. तरी २०१८च्या डिसेंबरात एका दिवसात हजारावर विमानं चढली-उतरली. डोंबिवली लोकलच म्हणा. जागा नाही, पण मावतात सगळे. आता ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालंय. भाऊ म्हणतो, पुढेमागे तिकडेच उतर, पनवेलहून पुणं जवळ. मी म्हटलं, छे, सहारच. त्यावरून घरात भांडण झालं. बायको म्हणाली, "तुला घ्यायला येणारी माणसं गेली. विमानतळ कसला धरून बसलायस?"

खरं आहे. आई गेली, मामा गेले. भावाचा गुडघा दुखतो, आणि रात्री अडीचला त्याला उठवायचं तरी कशाला, असं मीच म्हणतो. "नको येऊस, टॅक्सी करतो" हे आपण प्रेमानं म्हणत आलो की सोयीनं, ते मला ठरवता येत नाही.

आता थोडं रागावतो. गणपतीत आपण साडेचारशे पानं वाढतो. पण दर ऑगस्टला कोल्हापूर-नाशिककडची पोरं शिकायला न्यूअर्कला उतरतात, तेव्हा कठड्यापाशी आपल्यातलं कोण असतं?

येत्या शुक्रवारी रात्री साताऱ्याचा एक मुलगा येतोय. दोन बॅगा आहेत, ओळखीचं कोणी नाही. परवा ग्रुपवर निरोप टाकला होता. सकाळपर्यंत त्याखाली अकरा अंगठे आले होते. त्यातला एक माझा.