चूक पोटात घालणारी आयर्न्स

(नव्याने गोल्फ खेळू लागलेल्यांसाठी पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आयर्न्सचा, म्हणजे पोलादी डोक्याच्या गोल्फच्या काठ्यांचा, सेट घ्यायला गेलं की दुकानात काय होतं, ते इथल्या बहुतेकांनी पाहिलंय. समोर जाळी, बाजूला मशीन, हातात सेव्हन आयर्न. आठ-दहा चेंडू मारायचे. त्यातला एखादा झकास बसतो, स्क्रीनवर 160 यार्डांचा आकडा येतो आणि त्या आकड्याच्या भरवशावर सेट घरी येतो. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. तो झकास बसलेला चेंडू हिशेबातून काढून टाका. मधोमध लागलेला चेंडू कुठल्याही आयर्नने चांगलाच जातो. टोवर (डोक्याच्या शाफ्टपासून, म्हणजे दांड्यापासून, लांबच्या टोकावर) लागलेले, हीलवर (दांड्याजवळच्या टोकावर) लागलेले, फेसच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूच्या, खालच्या काठावर लागलेले चेंडू कुठे जाऊन पडले, ते बघा. सेट निवडायचा तो त्यांच्यासाठी.

का, ते समजायला थोडं विज्ञान लागेल. नियमाप्रमाणे गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा असतो. सेव्हन आयर्नचं डोकं साधारण 270 ग्रॅमचं. दोघांची गाठ पडते ती सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरती. एवढ्या वेळात तुमच्या मनगटाला काहीही दुरुस्त करता येत नाही. चेंडू डोक्याच्या गुरुत्वमध्याच्या समोर लागला, तर डोकं सरळ पुढे जातं. तो दीड-दोन सेंटीमीटर टोच्या बाजूला लागला, तर डोकं स्वतःभोवती गर्रकन वळायला बघतं. टो मागे जाते, फेस उघडतो, चेंडूला मिळायची ताकद डोकं फिरवण्यात खर्च होते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे आणि आखूड पडतो. ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अलीकडे उजव्या बाजूला बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, असला, तर तो थेट त्यात जातो, आणि कोर्स आखणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

मग हे वळणं कमी कसं करायचं? जत्रेत दोरावरून चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात आडवी लांब काठी धरते, ती पाहिली असेल. काठीचं वजन अंगापासून लांब दोन्ही बाजूंना गेलेलं असतं, म्हणून तिचा तोल पटकन कलत नाही. आयर्नच्या डोक्यात तेच करतात: मधलं पोलाद काढायचं आणि टो, हील आणि कडांना न्यायचं. वजन तेवढंच, फक्त जागा बदलली. गंमत अशी की फिरण्याला होणारा हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. तेच वजन मध्यापासून दुप्पट लांब नेलं, की विरोध चौपट. गोल्फवाले याला एमओआय म्हणतात आणि तुम्ही ‘फर्गिव्हिंग’, म्हणजे चूक पोटात घालणारं, म्हणून जे ऐकता, त्यातला मोठा वाटा याच एका गोष्टीचा आहे.

हे ज्याच्या डोक्यातून आलं, त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कार्स्टन सोल्हाइम. जन्म 1911 सालचा, नॉर्वेतल्या बर्गनचा. वडील चांभारकाम करणारे, कुटुंब अमेरिकेत सिअॅटलला गेलं. पुढे हा मुलगा जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर झाला. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्याने गोल्फची काठी हातात धरली नव्हती. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून खेळायला गेला आणि पटिंग, म्हणजे ग्रीनवर पटर नावाच्या काठीने चेंडू होलात ढकलणं, जमेना. इंजिनिअरच तो, त्याने दोष स्वतःच्या हातात शोधायच्या आधी पटरमध्ये शोधला. वजन टो आणि हील या दोन टोकांना नेलेला पटर त्याने 1959 मध्ये घरच्या गॅरेजमध्ये बनवला. चेंडूला लागताना त्याचा ‘पिंग’ असा आवाज यायचा, म्हणून नाव पिंग. तेच तत्त्व त्याने पुढे आयर्न्सना लावलं.

त्या काळी चांगली आयर्न्स घडवलेली असायची, म्हणजे तापलेल्या पोलादावर घण घालून केलेली. त्या पद्धतीत मागून खोल पोकळी कोरणं अवघड आणि महागडं. सोल्हाइम ओतकामाकडे वळला. मेणाचा नमुना करायचा, त्यावर सिरॅमिकचे थर चढवायचे, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी पोलाद ओतायचं. आपल्याकडे बस्तरचे ढोकरा कारागीर पितळेच्या मूर्ती याच तत्त्वावर ओततात. या पद्धतीने हव्या त्या आकाराची पोकळी मिळाली आणि कडांना हवं तेवढं वजन देता आलं. 1982 मध्ये आलेलं त्यांचं आय-टू हे मॉडेल प्रचंड खपलं. दिसायला ओबडधोबड, चमक नाही, आणि जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली. पण 1989 च्या ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल ट्रूनच्या कोर्सवर मार्क कॅल्काव्हेकियाने प्लेऑफच्या (बरोबरी फोडण्याच्या) शेवटच्या होलवर फाइव्ह आयर्नचा जो फटका पिनजवळ, म्हणजे होलच्या झेंड्याजवळ, नेऊन ठेवला, तो आय-टूचाच होता. फर्गिव्हिंग आयर्न म्हणजे नवशिक्याची कुबडी, असं कुणी म्हणालं की मला हा फटका आठवतो.

अजून एक समज मी क्लबांमध्ये वर्षानुवर्षं ऐकतोय: आधी ब्लेडवर (मागे पोकळी नसलेल्या, जुन्या पद्धतीच्या पातळ आयर्नवर) शिका, म्हणजे स्विंगला शिस्त लागेल. मला हे पटत नाही. ब्लेडने चुकीचा फटका मारला की हाताला झिणझिण्या येतात हे खरं, पण झिणझिण्यांनी कुणाचा स्विंग सुधारत नाही. सुधारतो तो भरपूर चेंडू मारून, आणि भरपूर चेंडू मारावेसे वाटायला खेळात आनंद मिळायला हवा. 24 हँडिकॅपच्या, म्हणजे अजून बेताचंच खेळणाऱ्या, माणसाचे दर होलला दोन फटके नुसते आखूड पडून वाया जात असतील, तर तो सहा महिन्यांत कंटाळतो. मी असे बरेच पाहिलेत. बायकांच्या बाबतीत तर हा अन्याय जास्त होतो: नवऱ्याचा किंवा वडिलांचा जुना, जड, कडक शाफ्टचा ब्लेड सेट हाती येतो आणि वर ‘तुला जमत नाही’ असंही ऐकावं लागतं. जमत नाही ते त्या सेटला.

आता एक गोष्ट ठासून सांगतो, कारण जाहिराती ती सांगत नाहीत. फर्गिव्हिंग आयर्न चेंडू फेसवर कुठे लागला, तेवढीच चूक पोटात घालतं. स्विंगची वाट चुकली असेल, फेस चार अंश उघडा असेल, तर ती चूक कुठलंही पोलाद पोटात घालत नाही. चेंडू मधोमध लागूनही स्लाइस होत असेल, म्हणजे उजवीकडे वळत जात असेल, तर नवा सेट घेऊ नका. ते पैसे शिकवणीत घाला.

वजन कडांना नेण्याबरोबर आणखी तीन गोष्टी बदलतात. गुरुत्वमध्य खाली येतो, त्यामुळे फेसच्या खालच्या भागात लागलेला चेंडूही हवेत उठतो. थिन फटक्याला याचा फार आधार. हल्लीच्या सेटमध्ये खालच्या बाजूला, बहुतेक टोकडे, टंगस्टन घालतात. टंगस्टन पोलादाच्या जवळजवळ अडीचपट घन असतं, म्हणून छोट्याशा तुकड्यात बरंच वजन मावतं.

दुसरा ऑफसेट. फेसची पुढची कड शाफ्टच्या थोडी मागे ठेवलेली असते. फेस सरळ व्हायला किंचित जास्त वेळ मिळतो आणि उजवीकडे जाणारा चेंडू थोडा आवरतो. मात्र ज्यांचा चेंडू आधीच डावीकडे वळतो, त्यांनी मोठ्या ऑफसेटच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा सोल, म्हणजे जमिनीला टेकणारा तळ. आपल्याकडे याला फार महत्त्व द्यायला हवं. रुंद सोल चेंडूच्या आधी जमिनीला लागला, तरी रुतत नाही, घसरत पुढे जातो. जुलै-ऑगस्टमध्ये येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या कोर्सवर खेळून बघा. जमीन इतकी मऊ असते की अरुंद सोलचं आयर्न मातीत शिरतं आणि चेंडूपेक्षा डिव्हटच (उखडलेला गवत-मातीचा तुकडाच) लांब जाईल असं वाटतं. पण हाच रुंद सोल एप्रिल-मे महिन्यात टणक, उघड्या जमिनीवर उसळतो आणि चेंडूच्या पोटात लागतो. म्हणून बारा महिने खेळणाऱ्यांना मी मध्यम रुंदीचा आणि पुढची कड गोलसर केलेला सोल सुचवतो. आणि ट्रायल मॅटवर घेऊ नका, गवतावर घ्या. मॅट लबाडी करते. चेंडूच्या इंचभर मागे मारलेला फटकाही मॅटवर घसरत जाऊन ठीक लागतो आणि तुम्हाला वाटतं, आयर्न फर्गिव्हिंग आहे.

आता लॉफ्टबद्दल, म्हणजे फेस मागे किती कललेला आहे त्या कोनाबद्दल. इथे बरेच जण फसतात. ब्लेड सेटमध्ये सेव्हन आयर्नचा लॉफ्ट साधारण 34 अंश असतो. गेम-इम्प्रूव्हमेंट, म्हणजे फर्गिव्हिंग, सेटमध्ये आज तो 28 ते 30 अंश असतो, कधी त्याहूनही कमी. म्हणजे ज्यावर सात लिहिलंय, ते लॉफ्टच्या मापाने जुनं फाइव्ह आयर्न आहे. शाफ्टही थोडा लांब. चेंडू लांब जाणारच. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, कारण गुरुत्वमध्य खाली गेल्याने कमी लॉफ्टवरही चेंडू उठतो. पण दोन परिणाम ध्यानात घ्या.

पहिला असा की तुमचा स्विंग संथ असेल, तर हा चेंडू उठतो खरा, पण फिरकी कमी घेतो आणि चपट्या कोनात उतरतो. ग्रीनवर पडून पलीकडे निघून जातो. आयर्नचं काम चेंडू ग्रीनवर थांबवण्याचं आहे. मशीनवर एकूण अंतराचा आकडा बघू नका. हवेतलं अंतर आणि उतरण्याचा कोन विचारा. 45 अंशांच्या आसपास उतरणारा चेंडू ग्रीनवर थांबण्याची आशा धरता येते. 35 अंशांनी उतरणारा दहा यार्ड जास्त गेला, तरी उपयोग नाही.

दुसरा परिणाम थैलीत दिसतो. सेव्हन 28 अंशांचं, म्हणजे पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांची, जास्त लॉफ्टची काठी) 42-43 अंशांवर येते. तुमची सँड वेज 56 ची. मध्ये तेरा-चौदा अंशांची दरी. 80 ते 110 यार्डांत तुमच्याकडे पूर्ण फटक्याचा क्लबच (काठीच) उरत नाही, आणि आपल्यासारखे खेळाडू सर्वांत जास्त वेळा तिथेच उभे असतात. म्हणून असा सेट घेताना 48 ते 50 अंशांची गॅप वेज त्याच वेळी घ्या. थैलीत क्लब चौदाच ठेवता येतात, तेव्हा जागा करायला फोर आयर्न काढा, फाइव्हही काढा. त्यांच्या जागी एक हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधला, मारायला सोपा क्लब) पुरतो. हौशी खेळाडूंना लांब आयर्न मधोमध लागत नाही, आणि त्यात कमीपणा नाही.

आपला चेंडू फेसवर कुठे लागतो, हे घरच्या घरी कसं कळेल? व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या. फेसवर सगळीकडे फासा. एक चेंडू मारा. जिथे लागला, तिथली शाई पुसली जाते आणि रुपयाच्या नाण्याएवढा गोल डाग दिसतो. फोटो काढा, फेस पुसा, पुन्हा फासा, पुढचा चेंडू. पंधरा चेंडूंचे डाग एकत्र बघितले की चित्र उलगडतं. सगळे डाग टोकडे एकाच जागी जमले असतील, तर दोष सेटचा नाही, उभं राहण्याच्या अंतराचा आहे किंवा शाफ्टच्या लांबीचा. डाग आडवे पसरले असतील, तर जास्त एमओआयचं डोकं तुमच्या कामाचं. वरखाली पसरले असतील, तर खाली गुरुत्वमध्य आणि रुंद सोल बघा. दुकानात जाताना हे फोटो घेऊन जा. कुठल्याही विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा ते भरवशाचे.

त्याच मार्करने लाय अँगलही, म्हणजे शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोनही, तपासता येतो. चेंडूवर उभी रेघ काढा, ती फेसकडे तोंड करून ठेवा आणि मारा. रेघ फेसवर उमटते. सरळ उभी उमटली तर लाय बरोबर. वरचं टोक हीलकडे झुकलेलं असेल, तर टो जमिनीत दबतेय, क्लब तुमच्यासाठी सपाट आहे, चेंडू उजवीकडे जाईल. टोच्या बाजूला झुकलेलं असेल, तर उलट. सव्वापाच फुटांच्या आणि सहा फुटांच्या माणसाला एकच लाय कसा चालेल? पण आपल्याकडे सेट बहुतेक दुकानात जसा आला, तसाच घेतला जातो. घडवलेल्या मऊ पोलादाचं आयर्न फिटर सहज वाकवून देतो. ओतीव पोलाद कडक असतं, त्याला मर्यादा पडतात. फर्गिव्हिंग सेट बहुतेक ओतीवच, म्हणून लाय आधी मोजून मगच ऑर्डर द्या.

शाफ्टबद्दल थोडक्यात. साठीच्या पुढे असाल, खांदा किंवा कोपर दुखत असेल, तर ग्रॅफाइट घ्या आणि कुणाला काय वाटेल याचा विचार करू नका. फ्लेक्स, म्हणजे शाफ्टची लवचिकता, तुमच्या स्विंगच्या वेगावरून ठरवायचा, वयावरून किंवा बाई-पुरुष यावरून नाही.

राहता राहिला जुना सेट. नवे सेट महाग आहेत, आणि नवशिक्याने पाच-सात वर्षं वापरलेला चांगला कॅव्हिटी-बॅक (मागे पोकळी असलेला) सेट घ्यावा, असंच मी सांगेन. भौतिकशास्त्र तेवढ्यात बदललेलं नसतं. घेताना ग्रूव्ह्जमध्ये, म्हणजे फेसवरच्या खाचांमध्ये, नख घालून बघा. कड लागली पाहिजे, विशेषतः नाइन आयर्न आणि पिचिंग वेजची, कारण ती आधी झिजतात. शाफ्ट डोक्यात शिरतो तिथे हात लावून हलवून बघा, खडखड नको. ग्रिप चकचकीत झाल्या असतील, तर बदलण्याचा खर्च किमतीत धरा. नामांकित कंपनीचा सेट कुणी फारच स्वस्तात देत असेल, तर डोक्यावरची अक्षरं आणि सिरियल नंबर नीट तपासा, नकली माल बाजारात आहे. आणि पैसे देण्याआधी फिटरकडे नेऊन प्रत्येक आयर्नचा लॉफ्ट आणि लाय मोजून घ्या. आठ क्लबांना अर्धा तास पुरतो. दोन आयर्न्समध्ये एकाच अंशाचा फरक निघाला, तर ती दोन्ही एकाच अंतरावर चेंडू टाकणार. ते वाकवून घेता येतंय का, हे तिथेच विचारा.